सिसिलियन नंतर, आधी हत्ती
बुद्धिबळ शिकवण्यावरच्या एका लेखात सल्ला होता की १५०० रेटिंगच्या (म्हणजे मध्यम ताकदीच्या) मुलाकडून सिसिलियन या डावाच्या सुरुवातीच्या २० चाली पाठ करून घ्या. तो पटला नाही. या पातळीवर गुण जातात ते हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे मोजक्याच सोंगट्या उरलेल्या डावाच्या शेवटच्या टप्प्यात. एंडगेममधला फिलिडोरचा बचावच घ्या (त्याच नावाची सुरुवात वेगळी). पांढऱ्याकडे हत्ती आणि एक प्यादं, काळ्याकडे फक्त हत्ती; पट्ट्या पांढऱ्याच्या बाजूने मोजायच्या. काळा राजा प्याद्यासमोर आठव्या पट्टीवर, काळा हत्ती सहाव्या पट्टीवर आडवा. पांढऱ्या राजाला पुढे येताच येत नाही. प्यादं सहावीवर सरकलं की हत्ती थेट पहिल्या पट्टीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं, कारण आता पांढऱ्या राजाला प्याद्याआड लपता येत नाही. मुलं घाईने सहावी पट्टी आधीच सोडतात, मग सोपी बरोबरी अवघड होऊन बसते.

आणि हो, स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) चालीपुढे घड्याळातला वेळ लिहायला फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमात परवानगी आहे. डाव तपासायला इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) लावण्याआधी ते आकडे बघा. २० मिनिटं कुठल्या चालीवर गेली ते तिथेच दिसतं.