बटाव्हियाचा चार्ज

सरकारी कचेरीत माझी ३१ वर्षं गेली आणि त्यातली निम्मी कुणाचा तरी चार्ज घेण्यात. जाणारा माणूस हार घालून घेतो, पेढा खातो, 'काही लागलं तर फोन करा' म्हणतो आणि त्या दिवसापासून त्याचा फोन लागत नाही. आपण कपाट उघडतो. आत एक मोडकी छत्री, दोन शिक्के आणि न जुळणारी किर्द.

निवृत्तीनंतर हे संपलं असं वाटलं होतं. तेवढ्यात बंड्याने आमच्या गळ्यात डच ईस्ट इंडिया कंपनी बांधली.

बंड्या आमच्या कॉलेजच्या कंपूतला. सध्या मुलीकडे, हॉलंडात ॲम्स्टेलव्हेनला. मुलगी-जावई ऑफिसात, नातू पाळणाघरात, बाहेर पाऊस. मग माणूस दुसरं काय करणार? त्याने कॉम्प्युटरवरचा एक खेळ शोधून काढला. पाच जणांनी मिळून एकच कंपनी चालवायची. एकाने दहा डाव खेळायचे आणि फाइल पुढच्याला पाठवायची. एक डाव म्हणजे एक वर्ष. सुरुवात १६०२ पासून, कारण कंपनीला सनद मिळाली ती त्या वर्षीच्या मार्चमध्ये. फाइलबरोबर एक टिपण जोडायचं, म्हणजे पुढच्याला परिस्थिती कळेल.

टिपण हा शब्द ऐकताच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिली दहा वर्षं बंड्याची, मग डोंबिवलीचा मंदार, मग नागपूरची जयू, चौथा मी, शेवटी सुहास. म्हणजे माझ्या वाट्याला १६३२ ते १६४१. बंड्याचं टिपण चार पानी, त्यातली दीड पानं नातवाबद्दल. मंदारचं एक ओळीचं. जयूने लिहिलं होतं, 'सगळं नीट आहे, तू फक्त एंटर दाबत राहा.'

मी एंटर दाबला. तिजोरीत खडखडाट. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, गोदामात मिरी कुजत पडलेली. चौदा जहाजांपैकी पाच दुरुस्तीला, दोन कुठे आहेत ते नकाशालाही ठाऊक नाही.

कारण शोधायला दोन रात्री गेल्या. मसाल्याच्या बेटांवर युरोपातल्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं. त्या उकाड्यात लोकरीचं कापड घेऊन कोण काय करणार? त्यांना हवं असायचं आपल्याकडचं सुती कापड, कोरोमंडल म्हणजे आपल्या आग्नेय किनाऱ्यावरचं. म्हणून डच लोक चांदी घेऊन आधी तिकडे जात, कापड भरत, ते बेटांवर देऊन लवंग-जायफळ घेत आणि मग घराकडे वळत. जयूने 'खर्चात कपात' म्हणून कोरोमंडलच्या वखारी बंद केल्या होत्या. दहा वर्षं जहाजं बेटांवर नुसती जाऊन येत होती, आमच्या सोसायटीतले लोक संध्याकाळी बाजारात जाऊन येतात तशी.

"जयू, कापड का बंद केलंस?"

"अरे, तो मधला टप्पा मला उगाच वाटला."

त्यात ॲमस्टरडॅमहून संचालकांचे हुकूम. संचालक किती, तर १७. त्यांना म्हणतच 'सतरा जण'. आमच्या सोसायटीच्या कमिटीत सात माणसं आहेत आणि पाण्याच्या टाकीचा निर्णय दोन वर्षं लोंबकळतोय, त्यामुळे या कंपनीबद्दल मला आदरच वाटला. हॉलंडहून बटाव्हियाला जहाज पोचायला आठेक महिने लागत. म्हणजे प्रश्न विचारून उत्तर येईतो दीड वर्ष. मंदारला ग्रुपवर काही विचारलं की साधारण तेवढाच वेळ लागतो.

"अहो," आतून हिचा आवाज, "ते डच लोक जेवून जाणार आहेत का? तसं असेल तर भात वाढवते."

मंदारला विचारायचं होतं ते बांदा बेटांबद्दल, म्हणजे मसाल्याच्या बेटांतल्या जायफळाच्या बेटांबद्दल. सगळा नकाशा तोट्याने लालभडक आणि एवढी बेटं हिरवीगार. जायफळ भरपूर, खर्च नगण्य, तंटा नाही. इतकी स्वच्छ नोंद मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. मग कोपऱ्यात रहिवाशांचा आकडा दिसला. जवळजवळ कुणीच नव्हतं. मागच्या नोंदी उघडल्या : १६२१, मंदारचा शेवटचा डाव. त्याचं ते एक ओळीचं टिपण पुन्हा वाचलं. 'जायफळाचा प्रश्न मिटवला आहे.'

तो प्रश्न खरोखरही तसाच मिटवलेला आहे. त्याच साली कंपनीचा गव्हर्नर जनरल यान कून फौज घेऊन बांदावर उतरला. जायफळ तेव्हा जगात फक्त तिथेच पिकत होतं आणि तिथले लोक एकट्या कंपनीलाच माल विकायला तयार नव्हते. सुमारे १५,००० वस्ती होती, उरले हजारभर. मग बागांचे तुकडे पाडून डचांना वाटले आणि राबायला गुलाम आणले. मंदारचं उत्तर त्या दिवशी मात्र लगेच आलं, "अरे, तिथे एक बटण होतं." मी त्यावर काही लिहिलं नाही. जायफळाचं उत्पन्न मात्र पुढच्या प्रत्येक डावात जमेला धरलं.

१६३७ उजाडलं आणि मी जे केलं त्याला हिशेबाच्या भाषेत अफरातफर म्हणतात. नकाशावर वेंगुर्ला होतं. माझं आजोळ! तिथल्या डच वखारीच्या पडक्या भिंतींत आम्ही लपंडाव खेळलोय. "तिनसांजेक थंय जाव नको," आजी ओरडायची; सापाची भीती आणि डचांची भुतं, दोन्ही तिच्या लेखी सारखीच. डचांनी तिथे वखार घातली ती १६३७ मध्येच, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि गोव्याची कोंडी करणाऱ्या आरमाराला दाणापाणी पुरवायला. मला इतकं कारण पुरे होतं. कोरोमंडलसाठी जमवलेली सगळी चांदी मी वेंगुर्ल्यात ओतली. दगडी इमारत, दोन तोफा, गोदाम.

"वेंगुर्ल्यातून पाठवणार काय? सोलकढी?" सुहासने विचारलं.

"मोक्याची जागा आहे," मी म्हणालो.

पुढची तीन वर्षं वखारीने तोटा सोडून काही दिलं नाही. पण रोज रात्री झोपण्याआधी मी नकाशा मोठा करून ती एकदा बघून घेत असे. ही म्हणाली, "एवढं माझ्या माहेराकडे कधी बघितलं नाहीत."

१६४१ संपलं. चार्ज देण्याची वेळ. तिजोरी मला मिळाली होती त्याहून रिकामी, मिरी अजून कुजतेय, हरवलेली जहाजं दोनाची तीन. टिपण लिहायला बसलो. खरं लिहायचं तर सहा पानं झाली असती. शेवटी लिहिलं, 'सर्व सुरळीत. वेंगुर्ल्याकडे विशेष लक्ष द्यावे. काही लागलं तर फोन कर.' फाइल पाठवली, आंघोळ केली, भात खाल्ला.

रात्री अकराला फोन थरथरला. पडद्यावर सुहास. थांबला, पुन्हा थरथरला.

"अहो, घ्या की, बटाव्हियाचा दिसतोय."

"वाजू दे," मी म्हणालो आणि फोन उशीखाली सरकवला.