लाल किमोचा तो मेसेज आणि आमच्या आईचे चार डोस

आमच्या अंबाजोगाईकडच्या दोन-तीन ग्रुपवर चार दिवसांपासून एक मेसेज फिरायलाय. त्यात लिहिलंय की लाल किमो, म्हणजे कॅन्सरला शिरेतून देतात ते लाल औषध, युद्धातल्या विषारी वायूपासून बनवतात, ती दिली की लघवीतून रक्त जातं, हृदय बंद पडतं, पेशंटला हात लावला तरी घरच्यांना बाधा होते, ताप आला तर घाबरू नका ते विष बाहेर पडायलंय, आणि पपईच्या पानाचा रस घेतला की किमोची गरजच नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा दुसरा डोस सोमवारी आहे, त्या म्हणतायत मी जाणार नाही. माझ्या आईनं हेच औषध चारदा घेतलंय त्यामुळं मला गप्प बसवत नाही.

आधी वायूचं. लाल औषधाचं नाव डॉक्सोरुबिसिन, ते मातीतल्या जिवाणूपासून इटलीत शोधलं, अमेरिकेत 1974 ला मंजुरी मिळाली. लाल रंग औषधाचा स्वतःचाच. सोबत दुसरं सायक्लोफॉस्फामाईड देतात, त्याचं खानदान नायट्रोजन मस्टर्डकडं, म्हणजे युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या जवळच्या रसायनाकडं, जातं हे खरंय, पण म्हणून सलाईनमधून वायू सोडतात असं होत नाही ना.

लघवी लाल-नारंगी होते, आईची पण झाली, एक-दोन दिवसांत आपोआप साफ झाली. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. पण ते सोबतचं सायक्लोफॉस्फामाईड मूत्राशयाला त्रास देऊ शकतं, तेव्हा दोन दिवसांनंतरही लाल दिसली, आग झाली किंवा गुठळ्या पडल्या तर लगेच फोन करायचा. आणि पाणी भरपूर प्यायचं, लघवी तुंबवून ठेवायची नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत लोक पाणी कमी पितात, पेशंटसाठी उकळून गार केलेलं पाणी वेगळं झाकून ठेवा.

हृदयाचं मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना ते पटतं. हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं, कधी कधी वर्षांनंतर कळतं. म्हणून तर आधी 2डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, आणि आयुष्यभराच्या एकूण डोसला मर्यादा आहे, अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम. स्तनाच्या कॅन्सरला नेहमी दर खेपेला याच मापानं 60 मिलिग्रॅम देतात, चार खेपा म्हणजे 240, आईचं तेवढंच झालं. त्यातही धोका शून्य नाही, बीपी असेल, वय जास्त असेल, छातीला रेडिएशन झालं असेल तर वाढतो, दम लागला किंवा पाय सुजले तर सांगायचंच. आणि फाईल! एकूण किती औषध गेलं हे त्या कागदावर असतं, दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेलात तर डॉक्टरला तेच लागतं, रद्दीत घालू नका.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट, हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते. सुई लावलेल्या जागी आग झाली, सूज आली तर सहन करत बसायचं नाही, त्याच क्षणी सिस्टरला हाक मारायची. आमच्या आया-बाया "त्यांना कशाला त्रास" म्हणून गप्प बसतात, इथं गप्प बसायचं नाही.

हात लावल्यानं काही होत नाही. आईला जवळ घ्या, शेजारी बसून जेवा. काळजी लघवी, उलटी, शौचाची, डोसनंतर निदान दोन दिवस, काही डॉक्टर पाच सांगतात. हातमोजे घालून साफ करायचं, संडासात दोनदा पाणी ओतायचं, खराब कपडे वेगळे धुवायचे, आणि घरातल्या गरोदर लेकीसुनेनं ते काम करायचंच नाही. यावरून आजीला लेकरांपासून तोडणं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

आता ताप, या एका ओळीनं माणूस मरू शकतो म्हणून नीट वाचा. डोसनंतर साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाला रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तिसऱ्या आठवड्यापर्यंत परत चढतात. त्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटला गेला तर ती इमर्जन्सी आहे, रात्र असली तरी. आईला पहिल्या डोसनंतर अकराव्या दिवशी रात्री 101 आला, शेजारचे म्हणाले तापाची गोळी द्या सकाळी बघू, आम्ही फाईलवरच्या नंबरला फोन केला तर म्हणाले सकाळ बघू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात आत्ता जा. पेशी फार कमी निघाल्या, चार दिवस शिरेतून अँटिबायोटिक चाललं, तेव्हा घरी आली. विष बाहेर पडत नव्हतं, इन्फेक्शन आत शिरत होतं. न मोजता, न विचारता तापाची गोळी दिली की ताप झाकला जातो, तेवढ्यात उशीर होतो. घरात थर्मामीटर ठेवा.

पपईच्या पानानं कॅन्सर बरा होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि पेशी खाली असताना न धुतलेल्या पानाचा कच्चा रस म्हणजे जंतूंना बोलावणं. तोंड आलं असेल तर ठेचा बंद, ज्वारीच्या मऊ कण्या, ताक डॉक्टरला विचारून, मीठ-सोड्याच्या पाण्यानं गुळण्या. आईचे केस तिसऱ्या आठवड्यात गेले, किमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी परत यायला लागले.

उद्या संध्याकाळी आईला घेऊन काकूंकडं चाललोय, तिची फाईलपण सोबत नेतोय.