इलेक्ट्रॉन चुंबक असेल, पण खारपाणाचं पाणी खारंच राहतं

अकोला, तेल्हारा, दर्यापूरकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यातला दावा असा: इलेक्ट्रॉन हा चुंबक आहे हे जर्मन शास्त्रज्ञांनी तेरा अंकांपर्यंत मोजून सिद्ध केलं. पाण्यातही इलेक्ट्रॉन असतात. म्हणून बोअरच्या पाइपावर चुंबक बसवला की ते रांगेत लागतात, क्षार सुटतात आणि पाणी गोड होतं. खाली ऑर्डरसाठी मोबाइल नंबर. पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, त्याच्याच जिवावर बाकीचं खपतंय.

"जर्मन शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं." इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व जुनंच आहे, राजेहो. १९२८ मध्ये डिरॅक या शास्त्रज्ञाच्या समीकरणातून त्या चुंबकत्वाचं माप सांगणारा आकडा, म्हणजे जी-फॅक्टर, बरोबर २ आला. महायुद्धानंतर कुश आणि फोली यांनी मोजला तेव्हा तो किंचित जास्त भरला, आणि असं का होतं ते श्विंगरने १९४८ मध्ये गणिताने दाखवलं. आज मोकळ्या इलेक्ट्रॉनसाठी तो २.००२३१९ असा सुरू होतो आणि पुढे लांबत जातो.

जर्मनीतलं काम वेगळं. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत २०२२ साली निऑन-२० आणि निऑन-२२ (निऑन वायूचेच, पण वेगवेगळ्या वजनाचे अणू) यांचा एकेक अणू घेतला, दोघांचेही दहापैकी नऊ इलेक्ट्रॉन काढले, एकच ठेवला. हे दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, पेनिंग सापळ्यात (विद्युत आणि चुंबकी क्षेत्राने असे कण अधांतरी धरून ठेवणारं उपकरण), उणे २६९ अंशांच्या आसपास, ४ टेस्लाच्या चुंबकी क्षेत्रात एकाच वर्तुळावर समोरासमोर फिरत ठेवले. त्या वर्तुळाची त्रिज्या २०० मायक्रोमीटर. दोघं इतके जवळ असल्यामुळे क्षेत्र जरासं हललं तरी दोघांना सारखंच जाणवतं आणि वजाबाकीत ती हालचाल निघून जाते. उरतो तो दोन जी-फॅक्टरमधला फरक, आणि तो जी-फॅक्टरच्या तेराव्या अंकापर्यंत मिळाला. मोजमापातली ही युक्ती मला फार आवडते. पण यात पाणी नाही, मीठ नाही, पाइप तर नाहीच.

"पाण्यातले इलेक्ट्रॉन रांगेत लागतात." सापळ्यात मुद्दाम एकटा इलेक्ट्रॉन ठेवतात, कारण जोडीतल्या दोघांचं चुंबकत्व एकमेकांना मारतं. पाण्याच्या रेणूत सगळे इलेक्ट्रॉन जोडीनेच असतात. मिठातल्या सोडियम आणि क्लोराइड आयनांतही तेच. रांगेत लागायला एकटा कोणी उरतच नाही. आणि समजा एखादा उरला, तरी पाइपावरच्या साध्या चुंबकाची त्याच्यावरची पकड उष्णतेच्या धक्क्यांपुढे हजारात एकाच्याही खालची. मे महिन्यातल्या अकोल्यात तर बोलायलाच नको.

"क्षार गळून पडतात." बरं, पडतात कुठे? लिटरला ३ ग्रॅम क्षार असलेलं १,००० लिटर पाणी त्या पाइपातून गेलं तर ३ किलो मीठ कुठेतरी साचायला हवं. गावातल्या आरओ प्लांटच्या मागे नळीतून जास्त खारं पाणी सतत वाहत असतं. क्षार वेगळे केले की त्यांना अशी वाट द्यावीच लागते. चुंबकाच्या डब्याला अशी नळी नाही. विक्रेता दारात आला तर एक ग्लास चुंबकाआधीच्या पाण्याचा, एक नंतरच्या पाण्याचा घ्या आणि दोन्हींत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवा. चवीवर जाऊ नका, "गोड लागतंय ना?" असं विचारलं की माणूस हो म्हणतो.

"पाइपातला पांढरा थर कमी होतो." हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. चुनखडीच्या थरावर चुंबकाचा परिणाम होतो का, यावर प्रयोग झालेत आणि निष्कर्ष उलटसुलट आहेत. पण तो थर कॅल्शियमचा. पूर्णा खोऱ्यातलं, म्हणजे आपल्या खारपाण पट्ट्यातलं, दुखणं मुख्यतः सोडियमचं आहे. त्यानेच काळी माती फुगते, चिकट होते, पाणी मुरू देत नाही. थर कमी झाला तरी सोडियम पाण्यातच राहील.

"तेरा अंक म्हणजे शंभर टक्के पुरावा." पुरावा आहे, पण विक्रेत्याच्या विरुद्ध. हे आकडे इतके खोल मोजतात ते गणिताने काढलेल्या आकड्याशी ताडून पाहायला. इलेक्ट्रॉनच्या वागण्यात काही अनोळखी असेल तर ते शेवटच्या अंकांत फरक म्हणून दिसेल. निऑनच्या मोजणीत आकडे जुळले. म्हणजे अनोळखी काही असलंच तर ते त्या शेवटच्या अंकांच्याही खाली दडलेलं. पाण्यातून किलोंनी मीठ ओढून काढणारी ताकद एवढ्या बारीक चाळणीतून निसटेल कशी?

चुंबक नको तर काय करावं, असं कोणी विचारलं तर आधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. चोपण, म्हणजे सोडियमने चिकट झालेल्या, जमिनीला सोडियम हटवायला जिप्सम लागतं, किती ते त्या अहवालावरून ठरतं. ओलितासाठी शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी बोअरपेक्षा केव्हाही बरं. दोन्हींना चुंबकापेक्षा जास्त खर्च आणि जास्त वेळ लागतो, हे मात्र विक्रेता खरंच सांगतो.