खुलासा : भाकर आणि द्राक्षारस ‘निव्वळ प्रतीक’ हे ल्यूथरचं मत नव्हे

‘प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस ही फक्त प्रतीकं आहेत, असं मार्टिन ल्यूथरने शिकवलं आणि सगळ्या प्रोटेस्टंटांनी ते मान्य केलं,’ असा मजकूर फिरतो आहे. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी; ल्यूथर हा सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभकर्ता. मजकुरातली दोन्ही विधानं चूक.

ल्यूथरने नाकारलं ते तत्त्वपरिवर्तन. म्हणजे भाकरीचं रूप-चव तीच राहते, पण मूळ तत्त्व बदलून ख्रिस्ताचं शरीर होतं, ही रोमन कॅथलिक शिकवण. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1551 साली ती पुन्हा ठामपणे मांडली. ख्रिस्ताचं शरीर तिथे खरोखर असतं, हे मात्र ल्यूथरने कधीच सोडलं नाही. भाकर भाकरच राहते आणि तिच्यासोबत शरीरही मिळतं, असं त्याचं म्हणणं.

प्रतीकाची बाजू स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली याची. ऑक्टोबर 1529 मध्ये हेस या जर्मन प्रांताचा प्रोटेस्टंट सत्ताधीश फिलिप याने ल्यूथर आणि झ्विंग्लीला मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं. ल्यूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे येशूचं वाक्य लॅटिनमध्ये खडूने टेबलावरच लिहून ठेवलं आणि तिथून तो हलला नाही. झ्विंग्लीचा आधार बायबलमधलं योहान 6:63 (‘आत्मा जिवंत करतो, देहाचा काही उपयोग नाही’), शिवाय स्वर्गात गेलेलं शरीर एकाच वेळी अनेक वेदींवर कसं असेल, हा प्रश्न. 15 पैकी 14 कलमांवर एकमत झालं. पंधराव्यातही बरंच जुळलं, अडलं ते नेमकं इथेच. प्रोटेस्टंटांच्या ज्या लष्करी युतीसाठी फिलिपचा खटाटोप होता, तीही फिसकटली.

जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्विन याला झ्विंग्लीच्या रांगेत बसवणंही घाईचं आहे. त्याच्या मते शरीर स्वर्गातच राहतं, पण पवित्र आत्म्याद्वारे विश्वासणाऱ्याला ख्रिस्त खराच लाभतो. झ्विंग्लीनंतर झ्युरिकच्या चर्चचा प्रमुख झालेल्या बुलिंगरशी त्याचा समझोता 1549 साली झाला. ल्यूथरपंथीयांशी वाद चालूच राहिला.