आरपीएम नको, किती जी ते लिहा!

मी परीक्षण करत असलेला, लेखकांकडून सुधारून परत आलेला संशोधन पेपर काल उघडला आणि डोकंच फिरलं. पहिल्या फेरीत स्पष्ट विचारलं होतं: सेंट्रिफ्यूज केलंत (यंत्रात गरगर फिरवून गाळ वेगळा केलात) ते किती जी-ला (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोरानं), किती मिनिटं, किती अंशांना? उत्तर काय, तर 'प्रचलित पद्धतीनुसार'. आणि मजकुरात तेच जुनं वाक्य, '१०,००० आरपीएमला फिरवले', म्हणजे मिनिटाला इतके फेरे. अहो, पण रोटर (नळ्या धरून फिरणारा भाग) कुठला? त्रिज्या ८ सेंटीमीटर असेल तर त्या वेगाला सुमारे ८,९०० जी होतात, १५ असेल तर सुमारे १६,८००. जवळजवळ दुप्पट! तुमच्याकडे सुपरनेटंटमध्ये (वरच्या द्रवात) राहिलेलं दुसऱ्याकडे पेलेटमध्ये (तळाच्या गाळात) जाणार, आणि तिथला पीएचडीचा पोरगा महिनाभर स्वतःचीच चूक शोधत बसणार. सूत्र एका ओळीचं आहे: १.११८ गुणिले १० चा उणे पाचवा घात, गुणिले सेंटीमीटरमधली त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग. वाचणाऱ्याला ते मांडता येत नाही, कारण त्रिज्या फक्त तुम्हाला माहीत आहे!

आणि 'रूम टेम्परेचर'! मे महिन्यातलं नागपूर की डिसेंबरातलं महाबळेश्वर? '२५ अंश' लिहायला काय जातं? ट्रिस बफरचा (आम्लता स्थिर ठेवायला वापरतात त्या द्रावणाचा) पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, तापमानाबरोबर अंशाला साधारण ०.०३ ने सरकतो. २५ अंशांना ८.० लावलेला बफर ४ अंशांच्या कोल्ड रूममध्ये ८.६ च्या आसपास जातो. कुठे लावला ते लिहिलंच नाही, तर एन्झाइम का चालत नाही हे कुणी शोधायचं?

एरर बार (आलेखावरच्या कमी-जास्त दाखवणाऱ्या रेघा) पाहून तर संतापच येतो. '± ४' म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (मोजमापांचा पसारा) की स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता)? नमुने ९ असतील तर एरर ४ म्हणजे डेव्हिएशन १२ (एरर गुणिले नमुन्यांच्या संख्येचं वर्गमूळ). आलेख देखणा दिसावा म्हणून लहान आकडा घ्यायचा आणि कुठला ते दडवायचं, ही फसवणूक आहे. शिवाय 'एन = ३' (नमुन्यांची संख्या) म्हणजे तीन उंदीर, की एकाच उंदराचं रक्त तीनदा मोजलं? 'पी' म्हणजे खरा फरक नसतानाही निदान इतका फरक दिसण्याची शक्यता; 'पी = ०.०००' असं काही नसतं; सॉफ्टवेअरनं तीन दशांशांपर्यंत दाखवलं, म्हणून शून्य होत नाही. 'पी < ०.००१' लिहा.

'पूर्वी वर्णिल्याप्रमाणे' म्हणून तो संदर्भ उघडावा, तर तिथेही 'पूर्वी वर्णिल्याप्रमाणे'. तिसऱ्या पेपरात बफरच वेगळा!

जागा नाही म्हणता? प्रस्तावनेला चार पानं आहेत की, 'महत्त्वपूर्ण भूमिका' दर परिच्छेदात. डीएनएच्या रचनेचा १९५३ चा पेपर एका पानाहून थोडाच मोठा होता. त्या चारांतलं एक पान कापा आणि मेथड्सला, म्हणजे प्रयोग कसा केला त्या भागाला द्या.