खंबाटकीत थांबलेली डुक्कर फियाट आणि आमची 'शिस्त'

रात्रीचे साडेदहा वाजलेत. पहाटे पाचला उठलेली मी तासाभरापूर्वी घरी पोचले. अंग आंबलंय, झोपायला हवं. पण आत्ता आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या ग्रुपवर आलेला मेसेज वाचला आणि आता मला झोप लागणार नाही. तेव्हा लिहिते.

मेसेज असा आहे की बंद पडणाऱ्या गाड्यांमुळे सहलीची शिस्त बिघडते, वेळापत्रक कोलमडतं, तर पुढच्या वर्षीपासून अशा गाड्या मालकांनी ट्रेलरवर घालून थेट कार्यक्रमाच्या लॉनवर आणाव्यात. खाली एकवीस अंगठे.

नाव घेतलेलं नाही, पण हा मेसेज आज ज्यांची गाडी घाटात बंद पडली त्या काकांसाठी आहे हे प्रत्येकाला माहीत आहे. काकांनीही तो वाचला असणार. वय अठ्ठ्याहत्तर, पण ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज वाचतात ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आम्हा पुणेकरांची दर मे महिन्यात एक सहल निघते. या वर्षी वाई. जेमतेम नव्वद किलोमीटर. काकांची डुक्कर फियाट आहे. पन्नाशीच्या दशकातली, गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. आपल्याकडे तिला डुक्करच म्हणतात आणि त्यात प्रेमच असतं. माझी १९७१ ची फियाट ११०० डिलाइट, नानांची. नाना म्हणजे माझे वडील. नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर कुर्ल्याच्या कारखान्यातून ती त्यांना मिळाली होती.

आज खंबाटकी घाटाच्या तिसऱ्या वळणावर काकांची गाडी आचके देत थांबली. मी मागेच होते. डाव्या अंगाला जरा रुंद जागा बघून मी गाडी लावली, चाकामागे दगड ठेवला. काकूंना उतरवून झाडाच्या सावलीत बसवलं. आणि मग आपल्याच क्लबच्या गाड्या एकामागून एक येऊ लागल्या. अकरा. मी मोजल्या. सगळ्यांनी हात हलवला. दोघांनी हॉर्न दिला. एकाने पुढच्या सीटवरून मोबाइल बाहेर काढून व्हिडिओ घेतला.

थांबला एकच. हेराल्डवाला, म्हणजे जुन्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीचा मालक. पंचविशीचा मुलगा, याच वर्षी आपल्यात आलाय, त्याला अजून कोणी धड नावानं हाक मारत नाही.

मला आज दिवसभर पसरणीचा घाट आठवतोय.

मे १९८४. मी दहा वर्षांची. नाना, आई, आजी, दादा आणि मी, याच फियाटमधून पाचगणीला निघालो होतो. वाई सोडून पसरणीचा घाट चढताना दुपारी बाराच्या उन्हात गाडी बंद पडली. नाना डॉक्टर, सदाशिव पेठेत दवाखाना. माणसाच्या शरीरातलं सगळं कळायचं, बोनेटखालचं काही नाही. ते नुसते स्टार्टर मारत होते. बॅटरी बसत चालली होती. आजी देवाचं नाव घेत होती. तेवढ्यात वरून एसटी आली. गच्च भरलेली लाल गाडी. ड्रायव्हरने ती कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि म्हणाला, "डॉक्टर, आता किल्लीला हात लावू नका." काचेवरचं क्रॉसचं चिन्ह बघितलं असणार त्याने. त्याने आजीचं एक जुनं सुती पातळ मागून घेतलं, आपल्या कॅनमधलं पाणी त्यावर ओतलं आणि ते बोनेटखालच्या पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळलं. "वीस मिनिटं. मग चोक न ओढता मारा."

आणि तो ती वीस मिनिटं थांबला! पन्नास माणसं गाडीत बसलेली, त्याला पुढे वेळेवर पोचायचं होतं, कंट्रोलरला उत्तर द्यायचं होतं. तरी थांबला. प्रवासी खाली उतरले, कोणी आम्हाला करवंदं दिली, एका बाईने आजीला वारा घातला. गाडी सुरू झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी त्याचं नाव विचारलं नाही. ही रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती.

काकांच्या गाडीला आज जे झालं तेच तेव्हा झालं होतं. व्हेपर लॉक. या गाड्यांचा पेट्रोलचा पंप, ज्याला एसी पंप म्हणतात (गार हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही), इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. मे महिन्याचं ऊन, चढ, पुढे ट्रकांची रांग, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, वारा लागत नाही. पंपातल्या आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलतो, वाफ ढकलू शकत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो आणि गाडी थांबते. यात मालकाचा हलगर्जीपणा नाही. गाडीची निगा नाही असंही नाही. काका आदल्या आठवड्यात पॉइंट घासून, प्लग साफ करून, रेडिएटर धुऊन आले होते. हे मला माहीत आहे, कारण नाना पेठेत पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, शोधायला त्यांच्याबरोबर मीच फिरले होते. तिसऱ्या दुकानात मिळाला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून जुन्या रबराचे पाइप आणि डायफ्रॅम किती लवकर जातात ते आपल्यापैकी प्रत्येकाने भोगलंय.

आणि आता वेळापत्रकाबद्दल बोलू, कारण शिस्तीचा विषय मी काढलेला नाही.

उन्हाळी सहलीचा आपला जुना नियम काय होता? पहाटे साडेपाचला सारसबागेपाशी जमायचं, सहाच्या आत कात्रजचा बोगदा ओलांडायचा, शिरवळला नीरेच्या पुलावर सूर्य वर येताना बघायचा आणि आठ वाजायच्या आत खंबाटकी चढून सुरूर फाट्याला चहा. हा नियम कोणाच्या हौसेसाठी केलेला नव्हता. घाट गार असताना चढायचा म्हणजे गाड्या तापत नाहीत, एवढं साधं त्यामागचं शहाणपण. आज आम्ही साडेपाचला तिथे होतो. निघालो कधी? पावणेनऊला! पाहुणे यायचे होते. ड्रोन उडायचा होता. झेंडा एकदा दाखवून झाला, तो चित्रीकरणात नीट आला नाही म्हणून परत दाखवला. गाड्या तोवर बोनेट तापवत उभ्या. खंबाटकीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत पावणेअकरा झाले होते, रविवारची महाबळेश्वरची गर्दी पुढे, डांबरातून वाफा निघत होत्या. आणि शिस्त मोडली कोणी म्हणे, तर काकांनी.

नाही. हे मी ऐकून घेणार नाही.

घाटात वळणावर पंधरा गाड्या थांबल्या तर अपघात होईल, हे मला कळतं. मान्य. सगळ्यांनी थांबायला नको होतं. पण एकानेही पुढे रुंद जागा बघून थांबू नये? वर चढून गेल्यावर एक फोन करू नये? "काका, पाणी आहे का?" एवढं विचारायला किती वेळ लागतो? एसटीचा ड्रायव्हर थांबला होता हो. त्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता. त्याला फियाटचं कौतुक नव्हतं, त्याच्या शर्टावर क्लबचा बिल्ला नव्हता.

ट्रेलरचं सांगते. ज्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्या आहेत, ज्यांचे सुटे भाग जगात कुठे मिळत नाहीत, त्यांनी ट्रेलरवर आणल्या तर माझी काही तक्रार नाही. पण फियाट, अँबॅसेडर, हेराल्ड या गाड्या ट्रेलरवर घालायच्या? या कामाच्या गाड्या आहेत. यांतून बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, नवऱ्यामुलांच्या वराती निघाल्या, आंब्याच्या पेट्या कोकणातून आल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्या दिवशी याच ग्रुपवर सगळे हळहळले होते. स्टेटस ठेवले होते. ती टॅक्सी कशामुळे लाडकी होती? ती शेवटच्या दिवसापर्यंत रस्त्यावर होती म्हणून.

मलाही सारखं सांगतात, ताई, तुमची पन्नास वर्षांपुढची आहे, व्हिंटेजमध्ये नोंदवून टाका. २०२१ चा केंद्राचा नियम आहे, जुना नंबर राहतो, मान मिळतो. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. माझी फियाट मंडईत जाते. नातवाला पोहायला सोडते. दर पाच वर्षांनी संगम पुलापाशी आरटीओत जाऊन मी फेरनोंदणी करते. तिची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली तेव्हाही केली. जुन्या गाड्या धूर करतात, हेही खरं. म्हणून ट्यूनिंग वेळेवर करते, आणि महिन्याकाठी माझी गाडी जेवढी फिरते तेवढं लोक दोन दिवसांत फिरतात.

जाऊ दे. राग आला की मी भरकटते. मला खंबाटकीचं सांगायचं होतं.

आजचं दृश्य ज्यांनी गाडीच्या काचेतून बघितलं त्यांनी पुढचं बघितलं नाही. ते सांगते.

पसरणीच्या त्या दुपारनंतर नानांच्या डिकीत कायम दोन कॅन पाणी आणि दोन जाडे टॉवेल असायचे. रस्त्यात कोणाचंही बोनेट उघडं दिसलं की नाना थांबायचे. लग्नाला उशीर झाला तरी थांबायचे. आईची चिडचिड व्हायची, मीही वैतागायचे. नाना गेले त्याला नऊ वर्षं झाली. कॅन दोनदा बदलले, टॉवेल मात्र तेच आहेत, निळ्या काठाचे. त्यातला एक आज मी भिजवला आणि काकांच्या पंपाला गुंडाळला. काका स्टार्टर मारायला निघाले होते. मी म्हटलं, "काका, आता किल्लीला हात लावू नका." बोलून गेल्यावर मला कळलं की हे वाक्य कोणाचं आहे.

मग आम्ही बसलो. काकूंनी डबा उघडला. गुळपोळी होती, मे महिन्यात! म्हणाल्या, ह्यांना आवडते म्हणून संक्रांतीची वाट बघत नाही. हेराल्डवाल्या मुलाने त्याचं बोनेट उघडून दाखवलं. हेराल्डचा पुढचा सगळा भाग मडगार्डांसकट उचलला जातो, काकूंनी तो तोंडाला पदर लावून बघितला. काकांनी त्याला डिस्ट्रिब्युटरचा गॅप ब्लेडने कसा बघायचा ते समजावलं. एक भाजीचा टेम्पो थांबला, पाणी आहे का विचारून, अर्धा कॅन देऊन गेला. पोराने विचारलं, काका, तुम्ही ही गाडी कधी घेतली? आणि काकांनी जे सुरू केलं ते पंचवीस मिनिटं चाललं. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जाऊन एकेक हबकॅप कशी जमवली, टिंकरने पत्रा कसा हातानं ठोकून दिला, लांबी (पुट्टी) भरू दिली नाही. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. लॉनवर हे कधी ऐकायला मिळालं नसतं. तिथे माणूस गाडीशेजारी उभा राहतो आणि फोटो निघतो.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. आम्ही तिघेच होतो, तरी टाळ्या वाजवल्या.

वाईला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. सगळ्यांचा एकत्र फोटो काढून झाला होता. पंगत उठत होती. कोणीतरी म्हणालं, "आलात का?" काका हसले आणि "आमच्यामुळे तुमचा खोळंबा झाला" म्हणाले. खोळंबा कोणाचाच झाला नव्हता, कोणी थांबलंच नव्हतं. पण ते म्हणाले. मला तिथे बोलता आलं नाही, घसा भरून आला, म्हणून इथे लिहिते आहे. ऊन उतरल्यावर आम्ही तिघे परत निघालो, काकांची गाडी मध्ये घेऊन. वाटेत एकदाही कुरकुरली नाही.

ज्यांनी हा मेसेज लिहिला त्यांच्याशी माझं वैर नाही. लॉनची, जेवणाची, पाहुण्यांची धावपळ त्यांनी एकट्याने केली, महिनाभर. दमलेल्या माणसाने रात्री लिहिलेला मेसेज आहे, हे मला समजतं. पण तो मागे घ्या. आजच. काकांनी उद्या सकाळी "मी गाडी काढून टाकतो" म्हणायच्या आत.

आणि सहल लॉनवरच व्हायची असेल तर होऊ दे. पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला मी सारसबागेच्या कोपऱ्यावर माझी फियाट घेऊन उभी असेन. पाहुणे नाहीत, झेंडा नाही. पावणेसहाला निघायचं, आठला सुरूर, मग वाईजवळ मेणवलीच्या नदीघाटावर कृष्णेत पाय सोडून बसायचं, ऊन चढायच्या आत सावलीला. ज्याला यायचं त्याने यावं, मारुती ८०० असली तरी चालेल. दोन कॅन पाणी आणि एक जाडं सुती कापड आणा. ज्याची बंद पडेल त्याच्यापाशी सगळे, रुंद जागा बघून.

हेराल्डवाल्याचा होकार आलाय. काकांना मी अजून विचारलेलं नाही.

हे लिहिता लिहिता काकूंचा फोन येऊन गेला. मेसेजबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझा टॉवेल आमच्याच गाडीत राहिला गं, ग्रीस लागलं होतं, साबण लावून भिजत घातलाय. रविवारी आणते."