डिफेन्स सुधारायचाय म्हणे!

मार्च अर्धा सरला की माझं डोकं फिरायला लागतं. इकडे शिकागोत रस्त्याच्या कडेला काळपट बर्फ अजून पडलेला असतो, तिकडे ॲरिझोनात आमच्या कब्स या बेसबॉल संघाचे सरावाचे सामने रंगात आलेले असतात, आणि मग सकाळी-सकाळी फोनवर टीचभर बातमी येते: अमुक चौघांची मायनर लीगच्या (मुख्य मेजर लीगच्या खालच्या पातळीच्या) कॅम्पात रवानगी. त्या चौघांत हटकून तोच पोरगा असतो जो महिनाभर समोरच्या पिचरांना (चेंडू फेकणाऱ्यांना) बडवून काढत होता. का पाठवला? डिफेन्सवर, म्हणजे फील्डिंगवर, अजून थोडं काम करायचंय. पिचर असेल तर लय सापडायचीय. घाई नको, त्याच्याच भल्यासाठी.

अहो, कोणाला शेंडी लावताय?

पुण्या-नाशिकात बसून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीच्या मध्याला मेजर लीगचे तीसही संघ उन्हाच्या जागी जातात, पंधरा ॲरिझोनात, पंधरा फ्लोरिडात. याला म्हणतात स्प्रिंग ट्रेनिंग. प्रत्येक कॅम्पात साठ-सत्तर खेळाडू येतात आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी मुख्य संघात जागा असते सव्वीस. उरलेले खाली, म्हणजे मायनर लीगच्या ट्रिपल-ए (सगळ्यात वरची पायरी), डबल-ए आणि त्याखालच्या पायऱ्यांवर. एवढ्याला कुणाचीच हरकत नाही. सव्वीस म्हणजे सव्वीस, बाकीच्यांना नारळ मिळणारच.

खरी मेख आहे सर्व्हिस टाइममध्ये. मोसम साधारण १८७ दिवसांचा. त्यातले १७२ दिवस मुख्य संघात काढले की खेळाडूच्या खात्यात एक वर्ष जमा होतं. अशी सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट, वाटेल त्या संघाशी वाटेल तो सौदा करायला मोकळा. तोवर पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल ते घ्यायचं, पुढे लवादापुढे घासाघीस. आता हिशोब तुम्हीच करा. पोराला एप्रिलचे पहिले दोन आठवडे ट्रिपल-एमध्ये बसवून ठेवलं की १७२ होतच नाहीत. वर्ष भरलं नाही, म्हणून सहाची जवळजवळ सात वर्षं झाली. दोन आठवड्यांच्या बदल्यात ऐन भरातलं एक अख्खं वर्ष संघाच्या घशात! आणि हे सगळं नियमात बसतं, वर ‘खेळाडूचा विकास’ म्हणून मिरवता येतं.

क्रिस ब्रायंटचं प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. माझाच संघ, त्यामुळे जास्तच चीड. २०१३च्या ड्राफ्टमध्ये (यात संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. २०१४मध्ये मायनर लीगमध्ये ४३ होमरन (आपल्या षटकारासारखा फटका). २०१५च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये ४० अ‍ॅट-बॅटमध्ये ९ होमरन, सरासरी .४२५ (म्हणजे दर हजार संधींत ४२५ यशस्वी फटके). त्या मार्चमध्ये एवढे होमरन दुसऱ्या कुणाचेच नव्हते. आणखी काय करायला हवं होतं त्याने? स्टेडियम झाडून काढायचं होतं का? मार्च संपता संपता त्याला खाली धाडलं. कारण तेच, थर्ड बेसवरचा डिफेन्स. पहिल्या सामन्याला थर्ड बेसवर उभा कोण, तर माइक ऑल्ट. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, पण कब्सच्या व्यवस्थापनातला एक तरी माणूस मनातून त्याला ब्रायंटपेक्षा बरा मानत होता का?

मग १७ एप्रिल उजाडला आणि ब्रायंट कब्सच्या रिग्ली मैदानावर हजर. दोन-अडीच आठवड्यांत डिफेन्स सुधारला वाटतं! आयोवाच्या (कब्सचा ट्रिपल-ए संघ तिथलाच) हवेत काहीतरी असणार. पहिल्या सामन्यात चार संधींत एकही यशस्वी फटका नाही, तीनदा स्ट्राइकआउट, ते सोडा. मोसमाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एकशे एक्काहत्तर! एक दिवस कमी. त्या वर्षी तो एकमताने रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू), पुढच्या वर्षी एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). आणि २०१६च्या वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना, क्लीव्हलँड, दहावी इनिंग, कब्सचा विजेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपवणारा शेवटचा आउट. चेंडू गेला कुणाकडे? थर्ड बेसवर, ब्रायंटकडे. ओल्या गवतावर पाय घसरला तरी गड्याने फर्स्ट बेसवर रिझोला नेमका फेकला. त्या रात्री मी सोफ्यावर उभा राहून बोंबललो त्यात आनंद होताच, पण ‘हाच ना तो डिफेन्स?’ हेही होतं.

त्या हुकलेल्या वर्षाबद्दल ब्रायंटने रीतसर तक्रार केली २०१५च्या डिसेंबरात. निकाल लागला २०२०मध्ये. चार वर्षं भिजत घोंगडं, आणि शेवटी तक्रार फेटाळली. फेटाळणारच. मनातला हेतू सिद्ध कसा करणार? ‘आम्हाला खरंच त्याच्या डिफेन्सची काळजी होती’ असं बेरकी चेहऱ्याने म्हटलं की संपलं. गंमत म्हणजे एवढं करून पदरात पाडलेलं ते जादा वर्ष कब्सने पूर्ण वापरलंसुद्धा नाही. २०२१च्या जुलैमध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन मोकळे.

एका माणसाने मात्र ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. सिॲटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅदर. २०२१च्या फेब्रुवारीत एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन गप्पांत हे गृहस्थ खुशाल सांगून बसले की आमच्या जॅरेड केलनिक या नव्या पोराने आम्ही देऊ केलेला बऱ्याच वर्षांचा करार नाकारलाय, तेव्हा तो मोसमाच्या सुरुवातीला मुख्य संघात नसणार. शिवाय संघाचाच दुसरा पोरगा हुलिओ रोड्रिगेझ, त्याचं इंग्रजी यथातथा आणि जपानी पिचरच्या दुभाष्याचा खर्च डोईजड, हेही जाता जाता ऐकवलं. (बाहेरून येऊन इथे उच्चारांवरून टोमणे खाल्लेल्या आमच्यासारख्यांना ते वेगळंच झोंबलं.) व्हिडिओ बाहेर आला आणि काही दिवसांत राजीनामा. पण राजीनामा कशाबद्दल? लबाडी केल्याबद्दल नव्हे हो, ती तोंडाने कबूल केल्याबद्दल!

यावर माझा एक मित्र दरवेळी उसळून सांगतो, केलनिक मेमध्ये वर आला आणि .१८१च्या सरासरीने खेळला, म्हणजे थांबवलं ते बरोबरच होतं. असेल. काही पोरांना खरंच वेळ लागतो, पिचरच्या खांद्याला जपावं लागतं, हे मलाही कळतं. पण मग हा वेळ बरोब्बर सर्व्हिस टाइमचा काटा सरकेपर्यंतच कसा लागतो? दोन दिवस आधी कुणी पिकत कसं नाही?

लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्या २०२२च्या नव्या करारात यावर मलमपट्टी केली. नावाजलेल्या पोराला पहिल्या दिवसापासून संघात ठेवलं आणि तो रुकी ऑफ द इयर झाला, तर संघाला ड्राफ्टमध्ये जादा पिक, म्हणजे एक जादा निवड. रोड्रिगेझला त्याच मरिनर्सनी त्या वर्षी पहिल्या दिवसापासून खेळवलं, तो रुकी ऑफ द इयर झाला आणि त्यांना पिक मिळालं. म्हणजे लालूच दाखवली की डिफेन्स आपोआप तयार होतो! दुसरी तरतूद मात्र मला मनापासून आवडते: उशिरा बोलावलेला खेळाडू त्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आला तर त्याला पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्गने पॉल स्कीन्स या पिचरला २०२४मध्ये ११ मेपर्यंत खाली ठेवलं. पठ्ठ्याने ऑल-स्टार सामन्यात (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात) पहिला पिचर म्हणून सुरुवात केली, पुरस्कार जिंकला आणि पूर्ण वर्ष खिशात घातलं. पिट्सबर्गला ना वर्ष मिळालं ना पिक. त्या दिवशी मी ऑफिसात उगाच पेढे वाटणार होतो.

पण स्कीन्स व्हायला स्कीन्सच लागतो. बाकीच्यांचं काय? ज्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात, त्यांच्यासाठी ऑप्शन नावाचा छळ आहे. ज्याच्या खात्यात ऑप्शन शिल्लक, त्याला संघ तीन मोसमांत हवं तेव्हा खाली-वर करू शकतो. २०२२पासून एका मोसमात पाचदा, एवढीच काय ती मर्यादा. त्यामुळे मार्चभर एकही रन न देणारा पोरगा खाली जातो आणि रोज मार खाणारा जुना पिचर वर राहतो, कारण जुन्याचे ऑप्शन संपलेत. त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर, म्हणजे बाकीच्या संघांपुढे, टाकावं लागतं, तिथून दुसरा संघ उचलून नेईल. यात खेळ कुठे आला?

आणि खाली जाणं म्हणजे नुसती पायरी उतरणं नाही. २०२३मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० डॉलर होता आणि ट्रिपल-एचा ३५,८००. तोसुद्धा मायनर लीगवाल्यांची युनियन होऊन पहिला करार झाला म्हणून. त्याआधी ट्रिपल-एवाल्याला आठवड्याला ५०० डॉलरच्या आसपास मिळायचे, तेही २०२१मध्ये ७०० झाले. मायनर लीगवाल्यांना स्प्रिंग ट्रेनिंगचा पगार तर मिळायचाच नाही. कामच आहे ते, पण म्हणे शिकवणी! त्यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि २०२२मध्ये १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मध्ये २०१८मध्ये याच पोरांना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळणारी तरतूद अमेरिकेच्या काँग्रेसमधून, म्हणजे संसदेतून, पास करून घेतली, आणि तिचं नाव काय तर ‘सेव्ह अमेरिकाज पास्टाइम ॲक्ट’. आठवड्याला काहीशे डॉलर जास्त दिले असते तर अमेरिकेचा लाडका खेळ बुडणार होता म्हणे!

म्हणून सांगतो, नका बोलू डिफेन्सबद्दल. ‘आम्हाला सातवं वर्ष हवंय, म्हणून याला दोन आठवडे खाली बसवतोय’ असं जनरल मॅनेजरने माइकसमोर एकदा सरळ सांगावं. मी शिव्या देईन, पण तिकीट काढेन. सध्या दोन्ही करतोय, वर त्यांचं ते ‘विकासा’चं कीर्तनही ऐकतोय.